फळीचं कडं: वाफेवर लाकूड का वाकतं आणि ते घरी कसं जमवायचं

डफाचं लाकडी कडं किंवा पीठ चाळायची जुनी लाकडी चाळण हातात घेऊन नीट बघितली की दिसतं, लाकडाच्या रेषा कुठंच तुटलेल्या नाहीयेत, त्या गोल फिरून जोडापाशी पुन्हा येतात. म्हणजे हे कडं ओंडक्यातून कोरून काढलेलं नाही, एक सरळ पट्टी घेऊन वाकवलेलं आहे. आणि लाकूड वाकवलं की मोडतं हे तर आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं, मग हे झालं कसं? वाफेनं, एवढं उत्तर बऱ्याच जणांना माहीत असतं, पण वाफ आत जाऊन नक्की काय करते ते माहीत नसतं, आणि माझं ठाम मत आहे की घरी करून बघणाऱ्यांच्या पट्ट्या मोडतात त्या बहुतेक याच कारणानं. कृती पाठ असते पण लाकडात काय चाललंय ते डोळ्यासमोर नसतं. म्हणून आधी आतलं सांगतो, मग साचा, वाफेचा डबा, आवळून धरायचा क्लॅम्प वगैरे.

आधी हा प्रश्न की वाकवायचंच कशाला, गोल कापून का नाही काढायचं. काढता येतं, आपल्या बैलगाडीचं चाक तसंच असतं, बाहेरचा गोल बाभळीच्या वाकड्या कापलेल्या तुकड्यांचा, आत आरे, आणि सगळ्यावरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, जी थंड होऊन आवळली की सगळे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून धरते. पण तिथं तुकडे जाड असतात आणि धाव असते. सरळ रेषेच्या फळीतून ५ मिलिमीटर जाडीचं गोल कडं कापायला गेलात तर दोन ठिकाणी रेषा कड्याच्या लांबीत धावतील आणि दोन ठिकाणी आडव्या येतील, आणि आडव्या आल्या तिथं ते बोटांनीही मोडेल, कारण लाकडाची सगळी ताकद रेषेच्या दिशेनं असते. वाकवलेल्या कड्यात तंतू अख्खे राहतात, म्हणून ते इतकं बारीक असूनही चामड्याचा ताण सोसतं.

आता आत काय असतं ते बघू. लाकूड म्हणजे ढोबळमानानं तीन गोष्टी. सेल्युलोज, हे लांब मजबूत तंतू, वजनाच्या ४० ते ५० टक्के. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं लिग्निन, हे दोन्ही साधारण २० ते ३० टक्के, झाडाप्रमाणं कमीजास्त. सेल्युलोजचे तंतू वाफेच्या तापमानाला काही मऊ पडत नाहीत, ते जसेच्या तसे राहतात. मऊ पडतं ते लिग्निन, आणि ते वागतं गुळासारखं, थंडीत दगड, ऊब लागली की नरम, परत गार झालं की जिथं असेल तिथं घट्ट. कोरड्या लाकडातलं लिग्निन मऊ व्हायला १५० अंशाच्या वर जावं लागतं, पण लाकडात ओल असेल तर तेच ८० ते १०० अंशांच्या आसपास ढिलं पडतं. हेमिसेल्युलोज तर पाणी पिऊन त्याच्याही आधी मऊ होतं. म्हणजे उष्णता आणि ओल दोन्ही एकदम लागतात, नुसती उष्णता दिली तर लाकूड वाळून अजून ठिसूळ होतं आणि नुसतं गार पाण्यात आठवडाभर भिजवलं तरी लिग्निन जागचं हलत नाही. वाफेत दोन्ही मिळतं, म्हणून वाफ.

इथपर्यंत बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. पण खरी महत्त्वाची गोष्ट पुढं आहे आणि सगळी कारागिरी तिच्यावर उभी आहे. मऊ झालेलं लाकूड दाबलं तर भरपूर दबतं, पण ताणलं तर जवळजवळ ताणलंच जात नाही. चांगलं वाफवलेलं कडक लाकूड रेषेच्या दिशेनं २५-३० टक्क्यांपर्यंत आखडू शकतं, म्हणजे पेशींच्या भिंती चुरगळत एकमेकींत सरकतात पण तुटत नाहीत. आणि ताणलं जातं किती, तर फक्त १ ते २ टक्के. वाफ देऊनसुद्धा, कारण ताण येतो तो सेल्युलोजच्या तंतूंवर आणि ते मऊ झालेले नसतात.

आता हे कड्याला लावून बघा. समजा बाहेरून ३० सेंटीमीटर व्यासाचं कडं करायचंय आणि पट्टी ५ मिलिमीटर जाड आहे. बाहेरच्या बाजूचा घेर येतो साधारण ९४२ मिलिमीटर, आतल्या बाजूचा ९११. पट्टी सरळ असताना दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या होत्या, आता त्यांच्यात ३१ मिलिमीटरचा फरक पडलाय, तो कुठून तरी यायला पाहिजे. गंमत म्हणजे पूर्ण गोल कड्यात हा फरक व्यासावर अवलंबून नसतो, जाडी गुणिले ६.२८ एवढाच असतो, कडं बांगडीएवढं असो नाहीतर चाकाएवढं. मोठ्या कड्यात तो जास्त लांबीवर वाटला जातो म्हणून मोठं कडं सोपं, एवढंच. तर हा फरक निम्मा निम्मा वाटला, बाहेरची बाजू ताणली आणि आतली दबली, तर बाहेरचा ताण येतो १.७ टक्के, म्हणजे अगदी काठावर, एखादी तिरकी रेष किंवा छोटी गाठ असली की तिथून चिरलंच. तेच ३ मिलिमीटरची पट्टी घेतली तर १ टक्का, आरामात होतं. आणि पूर्ण इंचाची म्हणजे २५ मिलिमीटरची फळी याच कड्यात वाकवायची म्हटलं तर ९ टक्के, म्हणजे नुसत्या हातानं कधीच शक्य नाही, कितीही वाफ द्या. प्रत्यक्षात मऊ लाकडाची आतली बाजू आधी दबते, त्यामुळं वाटणी निम्मी निम्मी राहत नाही आणि बाहेरच्या बाजूला थोडा दिलासा मिळतो, पण त्या भरवशावर राहू नये.

मग जाड लाकूड वाकवतात कसं? बाहेरच्या बाजूनं एक पोलादी पट्टी लावायची, तिच्या दोन्ही टोकांना ठोकळे, आणि लाकूड त्या दोन ठोकळ्यांच्या मधे घट्ट बसवायचं. पोलाद ताणलं जात नाही आणि ठोकळे लाकडाच्या टोकांना हलू देत नाहीत, त्यामुळं बाहेरच्या बाजूला लांब व्हायला वावच राहत नाही, सगळा फरक आतल्या बाजूला दबूनच भरून काढावा लागतो, आणि दबणं तर लाकडाला जमतं. ही युक्ती कारखान्याच्या पातळीवर नेली मिशाएल थोनेट या कारागिरानं. जन्म १७९६ चा, जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या बोप्पार्ड गावचा, नंतर व्हिएन्नात स्थायिक. सुरुवातीला तो पातळ पट्ट्या सरसात शिजवून एकावर एक चिकटवून वाकवायचा, पण तेव्हाचे सरस जनावरांच्या हाडाकातड्याचे, दमट हवेत सुटायचे. पुढं भरीव बीच (युरोपातलं एक कडक लाकूड) वाकवायचं तंत्र त्यानं पक्कं केलं, १८५६ मधे त्याचं पेटंट मिळालं आणि मोराव्हियात (आजच्या चेकियात), जिथं बीचची जंगलं होती तिथंच, कारखाना टाकला. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची ६ लाकडी भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यात जुळायची, सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, आणि १९३० पर्यंत अशा ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. त्या खुर्चीची बैठक म्हणजे वाकवून जोडलेलं एक गोल कडंच आहे. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इराणी हॉटेलांमधल्या गोल बैठकीच्या, वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. पुढच्या वेळी तिथं चहा प्यायला बसलात तर बैठकीच्या कडेवरची रेष बोटानं फिरवून बघा, जोड कुठं आहे ते शोधा, मजा येते.

लाकूड निवडण्यात अर्धं काम होतं हे मनापासून सांगतो, इथं घाई करू नका. परदेशात यासाठी ॲश, ओक, बीच, हिकरी, एल्म ही लाकडं नावाजलेली आहेत. आपल्याकडं तुती. हॉकी स्टिकचं वाकडं टोक तुतीच्या लाकडाला वाफवून वाकवायची जुनी पद्धत आहे, जालंधर-मेरठच्या खेळसाहित्यात तुती पहिल्यापासून आहे ती याच गुणामुळं. शिसमही बरं वाकतं. साग मध्यम, मोठ्या व्यासाला आणि पातळ पट्टीला चालेल, पण लहान कड्यासाठी मी तरी घेणार नाही. पाईन, देवदार अशी सूचिपर्णी लाकडं टाळा, ती हाताला मऊ वाटतात म्हणून लोकांना वाटतं सहज वाकतील, पण उलट आहे, त्यांच्यातलं लिग्निन वेगळ्या घडणीचं, जास्त घट्ट विणलेलं असतं आणि वाफेला तेवढं ढिलं पडत नाही. प्लायवुड आणि एमडीएफ तर डब्यात घालूच नका, सुटे होऊन बाहेर येतील. आणि वखारीत ‘स्टीम बीच’ नावानं जे मिळतं त्यानं फसू नका, ते वाफवलेलं असतं ते रंग एकसारखा यावा म्हणून, आणि नंतर भट्टीत पूर्ण वाळवलेलं असतं, त्यामुळं वाकवायला ते तयार आहे असा अर्थ नाही. वाकतं, बीच मुळात गुणी लाकूड आहे, पण भिजवावं लागतं.

रेषा सरळ पाहिजेत, आणि सरळ म्हणजे पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेनं निघून न जाता धावणाऱ्या. पट्टीच्या रुंद बाजूवरून सगळे बघतात पण जाडीच्या बाजूवरून बघायचं विसरतात, आणि मोडतं ते नेमकं तिथूनच, कारण ५ मिलिमीटरच्या जाडीत रेष जरा जरी तिरकी असेल तर ती बाहेरच्या पृष्ठावर येऊन संपते आणि तिथून चोचीसारखी ढलपी उचलते. ५० मिलिमीटर लांबीत रेष ३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर ती पट्टी बाजूला ठेवा. शक्य असेल तर करवतीनं कापण्यापेक्षा ओला ओंडका पाचर ठोकून फाडावा, कारण फाटताना लाकूड स्वतःच्या रेषेनं फाटतं, करवत तिच्या मनानं जाते. बुरूड लोक टोपलीच्या काठाला जे कडं घालतात ती बांबूची कामटीही अशीच फाडलेली असते, आणि ओली असते. गाठ, चीर, किडीचं भोक, यातलं काहीही वाकवायच्या भागात नको, अगदी मुगाएवढी गाठसुद्धा.

ओलीचं गणित जरा नाजूक आहे. लाकडाच्या पेशींच्या भिंती वजनाच्या साधारण २८-३० टक्के पाण्यापर्यंत भरतात, त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं साठतं. भिंतींतलं पाणी आपल्या उपयोगाचं, पोकळीतलं नाही. उलट अगदी ताजं कापलेलं, पाण्यानं टच्च लाकूड वाकवलं तर पोकळ्यांमधलं पाणी दबत नाही, आत दाब तयार होतो आणि आतल्या बाजूला सुरकुत्या किंवा फुटी येतात. २० ते २५ टक्के ओल सगळ्यात चांगली. हवेवर वाळलेलं लाकूड साधारण १२-१५ टक्क्यांवर असतं, ५ मिलिमीटरची पट्टी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवली तरी पुरेसं. भट्टीत वाळवलेलं असेल तर ३-४ दिवस भिजवा, वर वजन ठेवून, नाहीतर तरंगत राहतं. तरीसुद्धा ते हवेवर वाळलेल्या लाकडाच्या तोडीचं होत नाही, म्हणून वखारवाल्याला हे विचारायला लाजू नका की माल भट्टीतला आहे का नुसता वाळलेला.

आता वाफ. ओव्हनमधली १०० अंशाची हवा आणि १०० अंशाची वाफ यात फार मोठा फरक आहे. वाफ गार लाकडाला लागली की तिचं पाणी होतं, आणि एक किलो वाफेचं पाणी होताना २२५७ किलोज्यूल उष्णता जागच्या जागी सोडली जाते. त्यामुळं लाकूड झपाट्यानं तापतं आणि वर ओलंही राहतं. (वाफेनं भाजलेलं इतकं खोल जातं त्याचं कारणही हेच, म्हणून हातमोजे चामड्याचे जाड, वेल्डिंगवाले वापरतात ते, आणि कापडी मोजे अजिबात नको, ते ओले झाले की उष्णता सरळ हाताला देतात.) डबा करायला १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय पुरतो, आत १२-१५ सेंटीमीटरचा चौकोन, लांबी पट्टीपेक्षा थोडी जास्त, स्क्रूनं जोडलेला. आत आडव्या लाकडी काड्या घालायच्या म्हणजे पट्टी तळाला टेकणार नाही आणि वाफ चारी बाजूंनी फिरेल. डबा थोडा तिरका ठेवायचा आणि खालच्या टोकाला बोटाएवढं भोक, त्यातून पाणी गळतं आणि जास्तीची वाफ निघून जाते. पीव्हीसी पाईपचा डबा बरेच जण करतात, पण पीव्हीसी ८० अंशाच्या आसपासच मऊ पडायला लागतो, पाईप झोळीसारखा खाली लोंबतो. वरून जुनी घोंगडी गुंडाळा, गॅस वाचतो.

वाफ तयार करायला भिंतीचा वॉलपेपर काढायचं इलेक्ट्रिक स्टीमर मिळतं ते बरं, नाहीतर झाकणाचं पातेलं किंवा पत्र्याचा डबा आणि त्यातून उष्णता सोसणारा सिलिकॉनचा जाड पाईप. दीड किलोवॅटचा हीटर तासाला साधारण सव्वादोन-अडीच लिटर पाण्याची वाफ करतो, एवढ्या डब्याला ती पुरते. कुकरची शिट्टी काढून त्या नळीला पाईप लावायची युक्ती खूप दिसते, माझा तिला विरोध आहे, कारण ती नळी बारीक असते, पाईप कुठं मुडपला किंवा चोंदला तर कुकरमधे दाब चढतो आणि आपलं लक्ष पट्टीकडं असतं. या कामाला दाब लागतच नाही. डबा कुठंच हवाबंद करायचा नाही, दार नुसतं टेकवून फडक्याच्या बोळ्यानं बंद करायचं, आणि उघडताना समोर न उभं राहता बाजूला उभं राहून उघडायचं. पाणी आटू देऊ नका, काम उघड्यावर करा, आणि लहान मुलं लांब.

वेळ किती द्यायचा, तर जुना नियम आहे, जाडीच्या एका इंचाला एक तास. त्या हिशोबानं ५ मिलिमीटरला १२ मिनिटं, प्रत्यक्षात १५-२० द्या. पण घड्याळ लावायचं ते खालच्या भोकातून वाफ जोरात यायला लागल्यावर, गॅस पेटवल्यावर नाही. डब्याच्या लांबच्या टोकाला थर्मामीटर घालून बघा, ९५ च्या वर पाहिजे. पुण्यात पाणी ९८ अंशाला उकळतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास, त्यानं काही बिघडत नाही, दोन मिनिटं जास्त ठेवा. मात्र तासभर वाफवलं तर दुप्पट वाकेल असं नाही, उलट पातळ पट्टी जास्त शिजली की हेमिसेल्युलोज तुटायला लागतं आणि लाकूड मरगळतं, आतल्या बाजूला घड्या पडतात.

साचा आधी तयार पाहिजे, आणि मी म्हणेन की लाकूड आणायच्याही आधी. ३० सेंटीमीटरच्या कड्याला १८ मिलिमीटर प्लायच्या गोल चकत्या कापून चार एकावर एक चिकटवल्या की ७२ मिलिमीटर उंचीचा भक्कम साचा होतो, त्यावर ६५ मिलिमीटर रुंदीची पट्टी छान बसते. व्यास आतल्या मापाचा म्हणजे २९० मिलिमीटर, त्यातून ४-५ मिलिमीटर कमीच ठेवा, कारण सोडल्यावर लाकूड थोडं उलगडतं. मधल्या भागात मोठी भोकं पाडून ठेवा, क्लॅम्पचं एक टोक त्यात अडकवायला. पट्टीची लांबी मोजताना जाडीच्या मध्यावरचा घेर धरायचा, २९५ गुणिले ३.१४, म्हणजे ९२७ मिलिमीटर, त्यात एकावर एक येणाऱ्या जोडाचे ६० मिळवा, म्हणजे साधारण ९९ सेंटीमीटर. दोन्ही टोकं रंध्यानं तासून निमुळती करायची, ६० मिलिमीटरमधे ५ वरून जवळजवळ शून्यावर, एक टोक आतल्या अंगानं आणि दुसरं बाहेरच्या अंगानं, म्हणजे एकावर एक आली की जाडी परत ५ च भरते. हे वाफवायच्या आधी करा. कारण कड्यातली सगळ्यात जुनी डोकेदुखी म्हणजे टोकं. मधला भाग छान गोल येतो पण शेवटचे दोन-तीन इंच सरळच राहतात, तिथं धरून वाकवायला लांबीच उरलेली नसते, आणि कडं गोल न होता थेंबाच्या आकाराचं होतं. टोक पातळ असलं की ते साच्याला लगेच चिकटतं.

बाहेरून लावायची पट्टी गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेल्या) पत्र्याची, अर्धा ते पाऊण मिलिमीटर, लाकडाएवढीच रुंद. साधं लोखंड ओल्या गरम लाकडाला लागलं की लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) मिळून काळे-निळे डाग पडतात, ओक, बाभूळ अशा टॅनिनवाल्या लाकडांत तर लगेच. ३ मिलिमीटरच्या पट्टीला पत्रा नसला तरी चालेल, ५ ला मी लावाच म्हणेन.

वाकवायच्या क्षणासाठी दोन माणसं पाहिजेत आणि आधी गार पट्टीवर, न वाकवता, नुसती तालीम. कोण दार उघडणार, क्लॅम्प कुठं ठेवलाय, किती उघडून ठेवलाय, सगळं. कारण डब्यातून काढल्यावर पातळ पट्टीचा पृष्ठभाग काही सेकंदांतच गार व्हायला लागतो, हातात असतं जेमतेम अर्धं-एक मिनिट. टेबलावर पत्रा पसरलेला, त्यावर गरम पट्टी, एक टोक साच्याला पाचर ठोकून किंवा क्लॅम्पनं पक्कं, आणि मग साचाच पट्टीवरून पुढं लोळवत न्यायचा, अंगाचा भार साच्यावर टाकून, आणि दुसऱ्या माणसानं पत्र्याचं मोकळं टोक सतत ताणून धरायचं. हात थांबू द्यायचा नाही पण हिसकाही द्यायचा नाही, एका लयीत. अर्ध्यावर थांबून बघितलंत की तिथंच कोपरा पडतो. पूर्ण गुंडाळलं की टोकावर टोक, त्यावर गोलाईला कापलेला एक ठोकळा, आणि क्लॅम्प. बाकी गोलावर रबरी ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या तरी चालतं.

मोडलं तर ते टाकून देऊ नका, वाचा. बाहेरच्या बाजूला लांबट चोच उचलली तर रेष तिरकी होती किंवा पत्रा ढिला होता. आतल्या बाजूला सुरकुत्या आल्या तर लाकूड फार ओलं होतं, जास्त शिजलं होतं किंवा साचा त्या जाडीला लहान होता. आणि आडवं कडकन तुटलं, तुटलेली बाजू खडूच्या तुकड्यागत बोथट दिसली, तर लाकूडच कोरडं किंवा आतून कमजोर होतं, त्याच फळीतली दुसरी पट्टी घेण्यात अर्थ नाही. बारीक चोच असेल आणि लगेच दिसली तर तिथं पत्रा दाबून क्लॅम्प करा, वाळल्यावर पातळ ॲरल्डाइट घालून ती बसते.

साच्यावर किती दिवस ठेवायचं? गार झाल्यावर लिग्निन घट्ट होतं म्हणून दोन तासांत आकार धरल्यासारखा वाटतो, पण ओल अजून आत असते आणि पाणी जाताना तंतूंमधले नवे बंध जुळतात, खरा आकार तेव्हा पक्का होतो. पातळ पट्टी दोन-तीन दिवस, इंचभर जाड असेल तर आठवडा आणि वर. पावसाळ्यात कोकणात तर याच्या दुप्पट धरा, तिथं हवेतच इतकी ओल असते की लाकूड वाळायचं नावच घेत नाही, मार्च-एप्रिल हा या कामाचा खरा मोसम. उन्हात मात्र ठेवू नका, एका बाजूनं भराभर वाळून चिरतं. पूर्ण वाळल्यावरच गोंद, कारण ओल्या लाकडात फेविकॉल पातळ होऊन धरत नाही. वॉटरप्रूफ फेविकॉल किंवा ॲरल्डाइट लावून जोड रात्रभर क्लॅम्पमधे.

ज्यांना हा सगळा वाफेचा खटाटोप नको त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या लोकांचे लंबगोल लाकडी डबे प्रसिद्ध आहेत, त्यांच्या मेपलच्या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या आसपास असतात आणि त्या वाफेच्या डब्यात नाही, कढत पाण्याच्या लांब ट्रेमधे २० मिनिटं ठेवून साच्याभोवती गुंडाळतात, जोडावर तांब्याच्या बारीक चुका. आपल्याकडं गॅल्व्हनाइज्ड पन्हाळीचा तुकडा, दोन्ही टोकं बंद करून, दोन शेगड्यांवर ठेवला की झाला ट्रे. दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत हेच सगळ्यात सोपं आणि पहिल्यांदा करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. दुसरी वाट म्हणजे दीड मिलिमीटरच्या तीन-चार पट्ट्या गोंद लावून साच्यावर एकावर एक गुंडाळणं, जोड एकाखाली एक येऊ न देता. यात उलगडायची भीती जवळजवळ नाही, पण कडेनं बघितलं की थर दिसतात. अमोनियात बुडवून लाकूड वाकवतात असंही तुम्ही ऐकाल, ते खरं आहे, पण तो निर्जल द्रव अमोनिया असतो, फुप्फुसं आणि डोळे जाळणारा, घरी त्याच्या वाटेला जाऊच नका.

कडं डफासाठी असेल तर गोंदाच्या भरवशावर सोडू नका, जोडावर तांब्याचे तीन-चार रिव्हेट मारा, भोक आधी पाडून, सगळे रिव्हेट लाकडाच्या एकाच रेषेवर न येऊ देता, नाहीतर तिथूनच चीर धावते. कारण चामडं ओलं असताना मढवतात आणि ते वाळताना आखडून कड्याला सगळीकडून आत ओढतं, शिवाय त्याची ओल कड्याच्या काठात उतरते, म्हणजे लिग्निनला ढिलं करणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक पुन्हा हजर होते. म्हणून मढवायच्या आधी कड्याला आतून-बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू देऊन, आणि मढवलेला डफ सावलीतच वाळवा.